एका दिवसाचे अधिकारी

निवडणूक आयोगाचे दिल्लीतले सचिवालय जेमतेम काहीशे माणसांचे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी मात्र सुमारे ९७ कोटी मतदार, साडेदहा लाख मतदान केंद्रे आणि मतदान व बंदोबस्त मिळून दीड कोटी कर्मचारी असा पसारा आयोगाने जाहीर केला होता. हे कर्मचारी आयोगाच्या आस्थापनेवर नसतात. मतदान केंद्रात बसणाऱ्यांपैकी कुणी जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी असतात, कुणी ग्रामसेवक, कुणी बँकेतल्या अधिकारी, कुणी पाटबंधारे खात्यातले अभियंता, कुणी महाविद्यालयातल्या प्राध्यापिका. राज्यघटनेच्या ३२४ व्या अनुच्छेदाचा सहावा खंड सांगतो की आयोगाने मागणी केली की राष्ट्रपतींनी आणि राज्यपालांनी त्याला कर्मचारी पुरवायचे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २८-अ सांगते की अधिसूचनेपासून निकालापर्यंत ही माणसे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानायचे. थोडक्यात, एवढी मोठी निवडणूक उसन्या माणसांवर चालते. एरवी दुसरेच काम करणारी, निवडणुकीपुरती आलेली, दोन-तीन प्रशिक्षणांवर तयार झालेली ही फौज पाहून वाटते की नाइलाज म्हणून हे चालवून घेतले जात असावे. खरे तर आपल्या निवडणुकीच्या विश्वासार्हतेचा मोठा भाग याच उसनेपणातून येतो, आणि ती विश्वासार्हता जिथे डळमळते तिथेही बहुतेक वेळा या उसन्या माणसांभोवतीची व्यवस्था ढिली पडलेली असते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, दुसरा पर्यायच नव्हता. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर १७ कोटींहून अधिक मतदार होते, त्यातल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हते, आणि निवडणूक घेण्याचा व्यवसाय करणारा वर्ग देशात अस्तित्वातच नव्हता. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी, चिन्ह चिकटवलेली पेटी ठेवण्यात आली. त्यातल्या बारा लाखांवर पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. पुढे पेट्यांची जागा एकत्रित मतपत्रिकेने घेतली, १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातली चांदीच्या क्षाराची शाई बोटाला लागू लागली, १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर मतदान यंत्र पहिल्यांदा वापरले गेले, आणि २००४ मध्ये लोकसभेचे सर्व ५४३ मतदारसंघ यंत्रावर आले. साधने अशी बदलत गेली. केंद्राध्यक्ष आणि त्याच्या हाताखालचे तीन-चार मतदान अधिकारी, तेही इतर खात्यांतून आणलेले, ही रचना मात्र सात दशके टिकून राहिली. नुसत्या सवयीने एखादी रचना एवढी टिकत नाही.

तिचे पहिले बळ परकेपणात आहे. मतदान पथकांची नेमणूक संगणकीय सरमिसळीने होते आणि ती तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात उपलब्ध कर्मचाऱ्यांच्या यादीतून नावे निघतात. दुसऱ्या टप्प्यात निरीक्षकांसमोर पथके तयार होऊन त्यांना विधानसभा मतदारसंघ मिळतो. नेमके कोणते केंद्र, हे तिसऱ्या टप्प्यात, मतदान अगदी तोंडावर आल्यावर ठरते. जिथे आपण राहतो किंवा नोकरी करतो तो मतदारसंघ सर्वसाधारणपणे वाट्याला येत नाही. पथकातले सहकारीही शक्यतो वेगवेगळ्या कार्यालयांतले असतात, म्हणजे बहुतेकांची ओळख प्रशिक्षणातच होते. मतदान यंत्रांचीही अशीच दोन वेळा सरमिसळ होते. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. एखाद्या गावातल्या पुढाऱ्याला केंद्रावरचा माणूस 'आपला' करून घ्यायचा असेल, तर तो माणूस कोण हे त्याला आदल्या दिवसापर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा हाताशी एक रात्र उरते. शिवाय एकाला फितवून भागत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या चौघांना एकाच वेळी फितवावे लागते, आणि त्यांपैकी कुणालाही उद्या त्या गावात पुन्हा यायचे नसते. कायद्यालाही हे परकेपण किती महत्त्वाचे वाटते ते कलम २६ मधल्या एका तरतुदीवरून दिसते. ऐन वेळी एखादा मतदान अधिकारी गैरहजर राहिला तर केंद्राध्यक्ष तिथे हजर असलेल्या कुणालाही त्याच्या जागी नेमू शकतो. उमेदवाराने कामाला ठेवलेली किंवा त्याच्यासाठी काम करणारी व्यक्ती मात्र चालत नाही. शिक्षण, हुद्दा, अनुभव यांपेक्षा कायद्याने एवढीच एक अट महत्त्वाची मानली.

दुसरे बळ कामाच्या वाटणीत आहे. पहिला मतदान अधिकारी मतदार यादीची चिन्हांकित प्रत घेऊन बसतो, ओळखपत्र पाहतो आणि मतदाराचे नाव व अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचण्याला कारण आहे. मागे बसलेल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांना ते ऐकू जावे आणि त्यांनी आपापल्या यादीवर खूण करावी, हरकत असेल तर तिथल्या तिथे घ्यावी. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो, नमुना १७ अ म्हणजे मतदार नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेतो, बोटावरची शाई पुन्हा तपासतो आणि कंट्रोल युनिटचे बटण दाबून एका मतापुरते यंत्र खुले करतो. मतदार आडोशामागे जाऊन बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आवाज होतो. हा आवाज खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येतो. २०२५ मध्ये आयोगाने एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल संख्या १५०० वरून १२०० वर आणली. १२०० पैकी ६५ टक्के लोक आले तरी अकरा तासांत ७८० मतदार, म्हणजे एकामागे एक मिनिटही नाही. तेवढ्या वेळात तीन जणांनी एकाच माणसाची तीन ठिकाणी नोंद केलेली असते. यादीवरच्या खुणा, नोंदवहीतल्या सह्या आणि यंत्रावरची एकूण मते हे तीन आकडे दिवसभरात केव्हाही पडताळता येतात. त्यातला एक बिघडवायचा तर बाकीचे दोनही बिघडवावे लागतात, आणि ते दुसऱ्यांच्या हातात असतात.

या सगळ्याची सुरुवात मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदानाने होते. एजंटांसमोर किमान ५० मते टाकली जातात, प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढची मते आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवल्या जातात, मग यंत्रातली मते पुसून, चिठ्ठ्या बाहेर काढून सील करून यंत्र कोरे असल्याचे सर्वांना दाखवले जाते. यंत्राच्या मोहोरबंद कागदी पट्टीवर केंद्राध्यक्षाबरोबर एजंटही सही करू शकतात. संध्याकाळी मतदान संपले की केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतो आणि नमुना १७ क भरतो. त्यात यादीतले एकूण मतदार, नोंदवहीतल्या सह्या, सही करूनही मत न देता परत गेलेले, यंत्रावरची एकूण मते, सीलांचे क्रमांक असा सगळा हिशेब असतो. याची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला देणे आणि त्याची पोच घेणे हे १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार केंद्राध्यक्षाचे कर्तव्य आहे. मतमोजणीच्या दिवशी यंत्र उघडण्याआधी सीलचे क्रमांक आणि एकूण मते याच कागदाशी ताडली जातात. म्हणजे केंद्रावरून यंत्र स्ट्राँगरूमकडे निघते, त्याआधीच त्या केंद्रावर किती मते पडली हा आकडा परस्परविरोधी पक्षांच्या खिशात जाऊन बसलेला असतो. एजंटाच्या खिशातला हा कागद पुढच्या प्रत्येक वादात साक्षीदार ठरतो.

केंद्राध्यक्षाचे काम तरीही निव्वळ कारकुनी नाही. एखाद्या मतदाराच्या ओळखीवर एजंटाने दोन रुपये भरून आक्षेप घेतला, तर त्याची चौकशी करून तिथेच निर्णय द्यावा लागतो. मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर त्याच्या ओळखीची खात्री करून त्याला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देऊ द्यावे लागते आणि ते वेगळ्या पाकिटात जपावे लागते. आपण दाबले एका नावापुढे आणि चिठ्ठी आली दुसऱ्याच नावाची, अशी तक्रार आली तर खोट्या निवेदनाचे परिणाम समजावून, लेखी घेऊन, एजंटांसमोर चाचणी मत घ्यावे लागते. आडोशामागे अंध मतदारासोबत कोण जाईल, दारातली गर्दी कोण हटवेल, सहा वाजता रांगेत कोण होते, हे सगळे त्यानेच ठरवायचे. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला, आणि त्यानंतरच्या निवडणूक याचिकेत प्रदत्त मतांचा मुद्दा पुढे आला होता. उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. पण एरवी वर्गात फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाने दुपारी दोन वाजता एका पाकिटावर लिहिलेली नोंद उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकते, हे त्यातून दिसते. न्यायाधीशाला विचार करायला तारखा मिळतात. इथे रांग खोळंबलेली असते.

यावर पहिला आक्षेप यंत्राचा. मत यंत्रात जाते, मोजते यंत्रच, मग खोलीतल्या चौघांच्या प्रामाणिकपणाने काय साधणार? महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर हा आक्षेप फार तीव्र झाला. मतदानाच्या दिवशी पाच वाजता जाहीर झालेली टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम आकडा ६६.०५ झाला. पावणेआठ टक्के म्हणजे सुमारे ७६ लाख मते. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी तर आपल्या गावापुरते कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते थांबवले. या आकड्यांचे स्पष्टीकरण अवघड नाही. राज्यात एक लाखाहून अधिक केंद्रे होती, म्हणजे केंद्रामागे सरासरी पाऊणशे मते. मतदान सहाला संपते, सहाच्या आत रांगेत आलेल्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटल्या जातात आणि त्यांचे मतदान नंतरही चालते. पाचचा आकडा हा केंद्राकेंद्रावरून फोनवर व ॲपवर गोळा केलेला अंदाज असतो. तरीही हे उत्तर सरासरीचे आहे. एखाद्या विशिष्ट केंद्रावर काय झाले, याला सरासरीचे उत्तर चालत नाही, तिथे त्या केंद्राचा १७ क लागतो. म्हणूनच यंत्राच्या युगात या माणसांचे महत्त्व घटले नाही, उलट वाढले. यंत्राच्या आत काय चालते ते सामान्य माणसाला पाहता येत नाही, पण यंत्रात किती माणसांनी मत टाकले हे यंत्राबाहेर, हाताने, सहीनिशी लिहिलेले असते. पक्षाने दाखवावे की आपल्या एजंटाच्या प्रतीत अमुक आकडा आहे आणि मोजणीत तमुक निघाला. असा पुरावा समोर आला तर आयोगाला पळवाट नाही. याच तर्काने आयोगानेही हे कागद लोकांसमोर ठेवायला का-कू करू नये. मे २०२४ मध्ये केंद्रनिहाय १७ क प्रसिद्ध करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला, आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने मतदारसंघनिहाय मतांचे आकडे स्वतःहून दिले. उमेदवारांच्या एजंटांना जो कागद मिळतोच तो मतदारांपासून गुप्त ठेवण्यात काय साधते, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ही माणसे सरकारी नोकर आहेत. त्यांच्या बदल्या, बढत्या, गोपनीय अहवाल सत्ताधाऱ्यांच्या हातात, मग ती निःपक्ष कशी? प्रतिनियुक्तीच्या काळात त्यांच्यावर शिस्तीचा अधिकार आयोगाचा असतो हे कायदेशीर उत्तर झाले, पण ते पुरेसे नाही, कारण निवडणूक संपते आणि नोकरी उरते. खरे उत्तर पुन्हा रचनेत आहे, आणि रचना नसली की काय होते याचा दाखला चंडीगडने दिला. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत पीठासीन अधिकारी म्हणून एका पक्षाशी जोडलेला नामनिर्देशित नगरसेवकच बसला होता. मतपत्रिका हाताळणारा, त्यावर खुणा करणारा आणि त्या बाद ठरवणारा माणूस एकच होता. त्याने आठ मते बाद केली आणि निकाल फिरला. कॅमेऱ्याने ते टिपले, म्हणून फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाला तो निकाल उलटवता आला. तिथे मतदार होते अवघे काही डझन, सगळे एकमेकांना ओळखणारे, सगळे राजकारणात मुरलेले. सार्वत्रिक निवडणुकीत नेमके हेच टाळलेले आहे. अधिकारी पक्षाचा नसतो, गावाचा नसतो, एकटा नसतो आणि कागदाचा मालकही नसतो. त्याच्या मनात कोणता पक्ष आहे हे विचारायची गरज पडू नये अशी ही सोय आहे. केंद्र बळकावण्याच्या गुन्ह्यात सामील झालेल्या सरकारी नोकराला इतरांपेक्षा जास्त, तीन ते पाच वर्षांची शिक्षा ठेवली आहे ती याच्या जोडीला.

तिसरा आक्षेप अकुशलतेचा. पाच वर्षांतून एक-दोनदा हे काम करणारे चुका करणारच. त्या होतातही. अभिरूप मतदानातली मते पुसायची राहतात, यंत्र बंद करायचे राहते, १७ क मध्ये बेरीज चुकते, सह्यांची पाकिटे भलत्याच थैलीत जातात. अशी यंत्रे मोजणीच्या दिवशी बाजूला ठेवावी लागतात आणि विजयाचे अंतर त्यांतल्या मतांपेक्षा कमी निघाले तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. मग कायमस्वरूपी, तरबेज निवडणूक सेवा का नको? एक तर दोन दिवसांच्या कामासाठी लाखो माणसांची सेवा कोणतेच राज्य पोसणार नाही. दुसरे म्हणजे कायमचा माणूस ओळखीचा होतो. त्याचा पत्ता, सवयी, अडचणी सगळ्यांना माहीत होतात. जगातही बहुतेक लोकशाह्यांनी हा मार्ग घेतलेला नाही. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोत मतदारांमधूनच चिठ्ठ्या काढून केंद्रावर बसणारी माणसे निवडतात, अमेरिकेत अनेक राज्ये दोन्ही पक्षांची माणसे शेजारी शेजारी बसवतात. तऱ्हा वेगळ्या, पण हंगामी माणूस आणि परस्पर पाळत ही दोन तत्त्वे सगळीकडे दिसतात. शिवाय नवख्याची चूक आणि सराईताची लबाडी यांत फरक असतो. नवख्याची चूक पुसलेली नसते. ती कागदावर उघडी पडते आणि दुरुस्त करता येते. उपाय प्रशिक्षणाचा आहे. शेकडो जणांना एका सभागृहात बसवून पडद्यावर दाखवलेले यंत्र आणि स्वतःच्या हाताने पाच वेळा बंद करून पाहिलेले यंत्र यांत जो फरक आहे, तो मोजणीच्या दिवशी दिसतो.

चौथ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे बचाव नाही, कारण तो खरा आहे. ही व्यवस्था माणसांना वापरते आणि विसरते. गडचिरोलीत पथकांना दिवस-दोन दिवस आधी हेलिकॉप्टरने तळावर नेतात, पुढे बंदोबस्तात पायी चालवतात, आणि धोका म्हणून दुपारी तीनलाच मतदान थांबवतात. शहरी भागात वेगळे हाल: पहाटे चारला उठून केंद्र मांडायचे आणि रात्री साहित्य जमा करण्याच्या रांगेत उभे राहायचे. १ जून २०२४ च्या अखेरच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात ३३ निवडणूक कर्मचारी उष्णतेने दगावल्याचे तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याच राज्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, राज्य निवडणूक आयोगाने घेतलेल्या पंचायत निवडणुकांनंतर शिक्षक संघटनेने १,६२१ मृतांची यादी दिली, तर सरकारने सुरुवातीला फक्त तीन मृत्यू मान्य केले. ड्यूटीवर असताना किंवा प्रवासातच मरण आले पाहिजे असा नियम दाखवला गेला, आणि टीका झाल्यावर तो बदलावा लागला. शिक्षकांचा प्रश्न वेगळाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने त्यांना अशैक्षणिक कामांतून सोडवले, पण जनगणना आणि आपत्ती यांच्याबरोबर निवडणुकीचा अपवाद ठेवला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्यतो सुट्टीच्या आणि बिनाशिकवणीच्या दिवशी त्यांना बोलवावे असे म्हटले, तरी मतदार यादीच्या कामासह हा भार वर्षभर पसरतो आणि त्याची किंमत सरकारी शाळेतली मुले देतात. यादीच्या कामाला वेगळे मनुष्यबळ, उन्हाळ्यातल्या टप्प्यांत सावली, पाणी, औषधोपचार आणि पथक दमल्यावर बदली माणूस, या मागण्या केवळ दयेपोटी केलेल्या नाहीत. सोळा तास जागा असलेला माणूस बेरीज चुकतो, आणि ती चूक मग राज्यभर संशयाचे कारण होते.

म्हणून केंद्रावरच्या या माणसांची बाजू घेताना त्यांच्या त्यागाचे पोवाडे गाण्यापेक्षा त्यांच्याभोवतीची चौकट पुरी आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे. चौकटीची एक बाजू सरकार आणि आयोगाकडे आहे: खरी सरमिसळ, हातात यंत्र देऊन प्रशिक्षण, माणसाला माणसासारखी वागणूक आणि लोकांना पाहता येईल असा १७ क. दुसरी बाजू पक्षांकडे आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. अनोळखी अधिकाऱ्यावर पाळत ठेवायची म्हणून कायद्याने एजंटाला खोलीत जागा दिली. अभिरूप मतदानाला तो पहाटे आलाच नाही, संध्याकाळी कागद न घेताच निघून गेला, किंवा मुळात नेमलाच गेला नाही, तर चौघांवरचा पहाराच उठतो. प्रत्येक केंद्रावर माणूस बसवणे छोट्या पक्षांना आणि अपक्षांना परवडत नाही हे खरे, पण राज्यात सत्ता मागणाऱ्या पक्षांना ही सबब शोभत नाही. निकालानंतर यंत्रावर घेतलेल्या शंकेला वजन यायचे असेल, तर पक्षाने आधी आपल्या एजंटांकडच्या १७ क च्या प्रती टेबलावर मांडाव्यात, आणि आयोगाने शेजारी आपल्या. दोन्ही गठ्ठे जुळले तर वाद मिटेल, नाही जुळले तर कोणत्या केंद्रावर आणि किती मतांनी हे त्याच दिवशी कळेल.